अंगणातला स्मोकर बनवून घेताना: आधी आगीचा हिशोब, मग पत्र्याचा

प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या पश्चिमेला घर, मागे बऱ्यापैकी अंगण, आणि ओळखीचा वेल्डर ऑफसेट स्मोकर (लाकडाच्या धुरावर मांस शिजवायची भट्टी) बनवून द्यायला तयार. त्याच्याकडे प्रोपेनच्या दोन जुन्या टाक्या पडून आहेत, एक 120 गॅलनची, एक 250 ची. एक-दोन आठवड्यांनी घरची आठ-दहा माणसं जेवणार, वर्षातून दोनदा मंडळाची पन्नासेक. कोणती टाकी घ्यावी, पत्रा किती जाड हवा, आणि वेल्डरकडे जाण्याआधी काय ठरवून ठेवावं?

टाकी 120 चीच घ्या. कारण सांगतो, आणि त्या कारणातच बाकीचं बरंचसं उत्तर आहे.

बहुतेक जण सुरुवात पत्र्याच्या जाडीपासून करतात. जाडी महत्त्वाची आहे, पण ती नंतर येते. ऑफसेट स्मोकर म्हणजे आडवी ठेवलेली चूल: एका टोकाला आग, मधे मांस, दुसऱ्या टोकाला धुरांडं. आगीने तापलेली हवा ओढीने मांसावरून जाते आणि धुरांड्यातून बाहेर पडते. ही ओढ नीट बसली तर पातळ पत्र्याचाही स्मोकर चालतो. ती चुकली तर अर्धा इंच जाड पोलाद लावूनही धूर कोंडतो आणि मांस कडू होतं. ज्यांच्या घरी चूल होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. सरपण ओलं किंवा धुराला वाट नाही, की डोळे चुरचुरणार आणि भाकरीला धुरकट वास लागणार.

हिशोब जेवणाऱ्यांपासून सुरू करा. बारा-चौदा पौंडांचं अख्खं ब्रिस्केट (गाईच्या छातीकडचं मांस), चरबी छाटून आणि शिजून, साधारण निम्म्यावर येतं. माणशी पाव ते एक तृतीयांश पौंड धरलं तर एका ब्रिस्केटमध्ये अठरा-वीस जण जेवतात. पन्नास जणांना तीन पुरतात. 120 गॅलनची टाकी बहुधा 24 इंच व्यासाची आणि साडेपाच फुटांच्या आसपास लांब असते. तिच्यात 22 इंच रुंद, 54 इंच लांब जाळी बसते. आगीकडची आठ-दहा इंच जागा फार तापते, ती सोडली तरी चार ब्रिस्केट सुटसुटीत मावतात. म्हणजे तुमचा वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा यात निभावतो. 250 ची टाकी 30 इंच व्यासाची आणि साडेसात फुटांच्या वर लांब. ती आठ जणांच्या जेवणासाठी तापवायची म्हणजे पाहुणा एक आणि हंडा लग्नाचा. पोलाद तापायलाच खूप वेळ आणि लाकूड जातं.

आता आकडे. एक गॅलन म्हणजे 231 घन इंच, म्हणून 120 गॅलन म्हणजे 27,720. फायरबॉक्स (आगीची पेटी) याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 9,240 घन इंच. प्रत्येक बाजू 21 इंचांची पेटी केली की 9,261 येतात. पेटी 21 इंचांची असण्याचा दुसराही फायदा आहे. बाजारात फोडलेलं लाकूड बहुधा 16 इंच लांबीचं मिळतं, ते आत मोकळं राहतं आणि मागेपुढे हवा खेळते.

फायरबॉक्समधून टाकीत जाणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ काढायला फायरबॉक्सच्या घनफळाला 0.008 ने गुणतात. ते 74 चौरस इंच येतं. हवा आत येण्याच्या झरोक्यासाठी 0.003, म्हणजे 28 चौरस इंच. हे जुने ठोकताळे आहेत, पण पायाला चांगले आहेत. फक्त धुरांड्याचा जुना ठोकताळा फारच कंजूष आहे. फायरबॉक्सच्या घनफळाला 0.022 ने गुणलं तर 204 घन इंच येतात, आणि 6 इंची पाइप घेतला तर तो जेमतेम सात इंच उंच निघतो. हे ऐकू नका. 6 इंच व्यास आणि टाकीच्या वर 30 ते 36 इंच उंची ठेवा. धुरांडं थोडं मोठं झालं तर झाकण अर्धवट लावून ओढ कमी करता येते. लहान झालं तर कापून दुसरं बसवण्याखेरीज इलाज नाही. झरोक्याचंही तसंच: 28 हवे असतील तर 40 चा करा आणि सरकतं झाकण लावा.

तोंडाचा आकार कागदावर काढून वेल्डरला द्या, तोंडी सांगू नका. फायरबॉक्स टाकीच्या खालच्या अंगाला चिकटतो, त्यामुळे तोंड गोल नसतं. टाकीच्या तळाचा धनुष्यासारखा तुकडा कापावा लागतो. 24 इंची वर्तुळात तळापासून साडेपाच इंच उंचीचा तुकडा 78 चौरस इंच होतो, सहा इंचांचा 88. सहा इंचच घ्या. तोंडाच्या वरच्या कडेला आतून पत्र्याची एक पट्टी खाली झुकवून लावा, म्हणजे ज्वाळा जाळीकडे न उसळता टाकीच्या तळालगत पसरेल.

उंचीचा हिशोब इथेच करून टाका, कारण नंतर तो बदलत नाही. जाळी टाकीच्या मध्यावर आणि जमिनीपासून 38 इंच असेल तर टाकीचा तळ 26 इंचांवर येतो. फायरबॉक्सचा माथा त्याच्या सात इंच वर, म्हणजे 33 इंचांवर, आणि फायरबॉक्सचा तळ 12 इंचांवर. दर अर्ध्या-पाऊण तासाने वाकून लाकूड घालायचं आहे, बारा तास. गुडघे दुखत असतील तर पाय चार इंच उंच करून घ्या आणि मांस उलटताना थोडे हात वर करा. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत.

धुरांडं टाकीच्या माथ्यावर ठोकू नका. ते बाजूने, जाळीच्या पातळीवर सुरू व्हायला हवं. माथ्यावर भोक असेल तर गरम हवा वरच्या वर निघून जाते आणि मांसाखालून-वरून फिरत नाही. हल्ली चांगले कारागीर टाकीच्या शेवटच्या टोकाला पत्र्याची चौकोनी पेटी करून तिच्यातून धुरांडं उभं करतात. आणि रिव्हर्स फ्लोचा मोह टाळा. त्यात टाकीच्या तळाशी अख्खा पत्रा असतो, धूर खालून जाऊन वरून परत येतो आणि धुरांडं आगीच्याच बाजूला असतं. उष्णता जास्त एकसारखी मिळते हे खरं, पण आगीत केलेला बदल जाळीवर उशिरा पोचतो, आणि त्या पत्र्यावर साचलेली चरबी दर खेपेला खरवडावी लागते. आग राखायला शिकायचंय तर सरळ वाटेचा स्मोकर बरा.

पत्रा आता. टाकीचा असेल तो असू द्या, पण कापण्याआधी मोजून घ्या. पाव इंचाच्या आसपास मिळाला की झालं. फायरबॉक्स 3/8 इंचाचा करा. पाव इंची पत्र्याचं वजन चौरस फुटाला सुमारे 10.2 पौंड, 3/8 इंचीचं 15.3. तुमच्या फायरबॉक्सला सगळ्या बाजू मिळून साडेअठरा चौरस फूट पत्रा लागतो, म्हणजे वजनातला फरक नव्वदेक पौंडांचा. पण आग तिथेच जळते आणि पातळ पत्रा काही हंगामांत पोटाकडून फुगतो, दार वाकडं होऊन फटी पडतात. दुहेरी भिंतीचा, मधे सिरॅमिक लोकर भरलेला फायरबॉक्स उत्तम खरा, पण ह्यूस्टनच्या हवेत अंगणातल्या स्मोकरला तो चैनीत मोडतो. कॅन्ससच्या हिवाळ्यात असता तर वेगळं सांगितलं असतं.

जुन्या टाकीबद्दल मात्र जरा थांबून वाचा.

"रिकामी आहे, कित्येक वर्षं उघडी पडलीय" यावर विश्वास ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तळाशी बसून राहतो. त्याला येणारा सडका वास मुद्दाम घातलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा असतो, आणि टाकीच्या आतला गंज तो वास शोषून घेतो. म्हणजे वास येत नाही याचा अर्थ गॅस नाही असा होत नाही. आधी व्हॉल्व्ह काढून टाकी मोकळी करायची, हे काम गॅसवाल्याकडूनच करून घ्यायचं. मग साबणाच्या पाण्याने धुऊन टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, पहिलं भोक पाणी आत असतानाच पाडायचं, आणि ठिणगी पाडणारं यंत्र न वापरता. 120 गॅलन पाणी म्हणजे एक हजार पौंड. ज्या घोड्यांवर टाकी ठेवली आहे ते तेवढं पेलतात का हेही पाहायचं. वेल्डर "काही होत नाही" म्हणाला तर वेल्डर बदला.

अमोनियाची टाकी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी किंवा नळ स्मोकरच्या आत कुठेही नको. तो तापला की त्याची विषारी वाफ निघते, आणि वेल्डिंग करतानाच आधी कारागिराला ताप भरतो. टाकीचा बाहेरचा जुना रंग शिशाचा असू शकतो, तो जाळून न काढता वाळूचा मारा करून काढून घ्या. एवढी कटकट नको असेल तर 24 इंची, पाव इंच जाडीचा नवा पाइप मिळतो. फुटाला सुमारे 63 पौंड, पाच फूट म्हणजे 317 पौंड. महाग पडतो, पण रात्री झोप लागते.

दार कापणं हे या कामातलं सर्वांत नाजूक. गोल टाकीच्या पत्र्यात ताण कोंडलेला असतो. दार एकदम कापून काढलं तर ते किंचित उलगडतं, टाकीची कड आत-बाहेर सरकते आणि नंतर दोन्ही कधीच जुळत नाहीत. फटीतून धूर गळतो आणि तापमान टिकत नाही. म्हणून क्रम असा: आधी रेषा आखायच्या. वरची काप पूर्ण करायची, बाकी तीन बाजू कापताना मधे मधे दोन-दोन इंचांचे तुकडे जोडलेले ठेवायचे. मग बिजागऱ्या वेल्ड करायच्या. मग दाराच्या कडेला दीड इंच रुंद, 1/8 इंच जाडीची पट्टी सगळीकडून लावायची, ती कापेवर अर्धी चढलेली. आणि सगळ्यात शेवटी ते राखून ठेवलेले तुकडे कापायचे. पट्टी लावताना थोडं-थोडं, आलटून-पालटून वेल्ड करायचं. एका दमात लांबच्या लांब ओढलं की पट्टीच दाराला वाकवते. खालची काप जाळीच्या इंचभर वर ठेवा, वरची टाकीच्या माथ्याच्या थोडी अलीकडे. दोन्ही टोकांकडच्या गोल जोडांपासून सहा इंच दूर राहा. दार जड वाटलं तर मागे वजनाची दांडी जोडता येते.

थर्मामीटरसाठी दाराच्या माथ्यावर भोक पाडून घेतलं की दिसायला छान दिसतं आणि खोटं बोलतं. मांस जिथे असतं तिथलं तापमान हवं. जाळीच्या एक-दोन इंच वर, दोन टोकांना दोन, अर्ध्या इंचाच्या आट्यांच्या बुशी (थर्मामीटर फिरवून बसवायच्या आखूड नळ्या) लावून घ्या. तिसरी एक रिकामी बुशी ठेवा, मांसात खुपसायच्या तापमान-सळीच्या (प्रोबच्या) तारा तिच्यातून आत घालता येतात. जाळी जाड तारेची किंवा एक्स्पांडेड मेटलची (चिरा देऊन ताणलेल्या पत्र्याची), दोन तुकड्यांत, दारातून बाहेर काढता येईल अशी. आगीच्या जाळीखाली तीन-चार इंच मोकळी जागा ठेवा. राख चढून निखारे गुदमरले की आग धुमसते. चरबी वाहून जायला टाकीचा तळ आगीपासून दूरच्या टोकाकडे उतरता ठेवा, तिथे दीड ते दोन इंची नळ आणि पूर्ण तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह. एक इंची नळ थंडीत गोठलेल्या चरबीने तुंबतोच.

जागेची तयारी वेल्डरचं काम सुरू असतानाच करा. पाया, चाकं, फाटक, तिन्ही एकाच वजनावर ठरतात: टाकी, फायरबॉक्स, पाय, धुरांडं मिळून सात-आठशे पौंड. त्यात एक हमखास होणारी चूक म्हणजे फाटक न मोजणं. अंगणाचं फाटक बहुधा 36 इंच असतं. टाकी 24 इंच, दाराची मूठ चार, पुढची फळी दहा, झाले 38. फळी बोल्टने निघणारी किंवा दुमडणारी करून घ्या. वळणही पाहा: स्मोकर आठ फुटांच्या आसपास लांब होणार आहे.

चार चाकं असली तरी उंच-सखल जागेत भार तिघांवरच येतो, म्हणून 800 ला तीनने भागा आणि वर सूट ठेवून प्रत्येक चाक किमान 400 पौंडांचं घ्या. फायरबॉक्सखालची चाकं लोखंडी, रबराची नकोत. गवतावर ही चाकं रुततात, आणि तुमच्याकडची माती चिकण, पावसात फुगणारी, उन्हात तडकणारी. 10 बाय 6 फुटांचा, चार इंच जाडीचा काँक्रीटचा ओटा करा, खाली चार इंच खडी दाबून. घनफळ 20 घन फूट. 80 पौंडांची पिशवी 0.6 घन फूट भरते, म्हणजे 34 पिशव्या, सांडलवंड धरून 37. सात दिवस पाणी मारल्याशिवाय वजन टाकू नका. फायरबॉक्सच्या तोंडासमोर पत्र्याची परात ठेवा. पडलेल्या निखाऱ्याने काँक्रीटची खपली उडते.

घर, कुंपण, छप्पर यांपासून दहा फूट अंतर. बंद पोर्च किंवा गॅरेजमध्ये कधीही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उन्हाळ्यात तुमच्याकडे वारा बहुतेक दक्षिण-आग्नेयेकडून येतो. तो सरळ झरोक्यात शिरला तर आग भडकते, धुरांड्यात शिरला तर धूर उलटा फिरतो. म्हणून स्मोकर वाऱ्याला आडवा ठेवा आणि धूर शेजाऱ्याच्या खिडकीकडे जात नाही ना ते आधी पाहा. घरमालक संघटनेचे नियम वाचा. कोरड्या दिवसांत काउंटी उघड्या आगीवर बंदी घालते, तिच्यात स्वयंपाकाची आग मोडते का हे त्या त्या आदेशात लिहिलेलं असतं.

लाकूड स्मोकर यायच्या सहा महिने आधी घेऊन ठेवा. मध्य टेक्सासची पद्धत पोस्ट ओकची (ओकची एक जात). जळाऊ लाकूड कॉर्डच्या मापाने विकतात, पूर्ण कॉर्ड म्हणजे 128 घन फूट. 16 इंच लांबीच्या लाकडाची 4 बाय 8 फुटांची एक रांग म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, आणि विकणारा तिलाही कधी कधी कॉर्ड म्हणतो. नव्याने फोडलेल्या बाजूवर ओलावा मोजा, 20 टक्क्यांच्या आत हवा. मेस्किट आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड. निखारे झकास पडतात, पण बारा तास त्याच्या धुरात मांस ठेवलं तर तोंड कडू होतं. ते झटपट भाजायला वापरा, बोकडाच्या रानेला उत्तम. मनगटाएवढं जाड एक लाकूड अर्धा ते पाऊण तास जातं, म्हणजे एका ब्रिस्केटला सोळा ते चोवीस लाकडं काढून ठेवायची. पुढचं लाकूड फायरबॉक्सच्या माथ्यावर तापत ठेवलं की आत टाकताच पेटतं. धुरांड्यातून निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. पांढरा लोट निघाला तर आग हवेवाचून धुमसतेय. झरोका बंद करून तापमान उतरवू नका, आगच लहान करा.

बाहेरून रंग द्यायचा तर 1200 फॅरनहाइट सोसणारा घ्या, आणि फायरबॉक्सवरून तोही उडणार हे धरून चाला. बरेच जण बाहेरून उकळलेलं जवसाचं तेल लावतात. फक्त बाहेरून, त्यात वाळवणारी रसायनं असतात. आणि ते तेल पुसलेली फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आतून मात्र खाण्याचं तेल किंवा गाईची चरबी, तीही पातळ थरात.

वेल्डरला पैसे टप्प्यांनी द्या आणि शेवटचा तिसरा हिस्सा चाचणी होईपर्यंत हातात ठेवा. चाचणी त्याच्याच आवारात, तुमच्यासमोर. आतून धुऊन, तेल लावून दोन-तीन तास 275 फॅरनहाइटवर, म्हणजे 135 सेल्सियसवर, आग चालवा. दाराच्या कडा, फायरबॉक्सचा जोड, व्हॉल्व्ह यांतून धूर कुठे गळतो ते खडूने खुणा करा. मग तापमान 325-350 वर नेऊन दुकानातल्या डब्यातली कच्ची अमेरिकन बिस्किटं (पिठाच्या छोट्या पावांसारखी) जाळीवर सहा-सहा इंचांवर मांडा. पंधरा मिनिटांनी कुठली करपली, कुठली पांढरी राहिली ते दिसतं. आगीकडची पहिली रांग काळी होणं ठीक. पण एकाच आडव्या रांगेत पुढची करपली आणि मागची कच्ची असतील तर तोंड किंवा आतली पट्टी तिरकी बसली आहे. ती त्याच दिवशी खुणा करून दुरुस्तीला ठेवा, आणि पुन्हा बिस्किटं लावून पाहिल्यावरच उरलेले पैसे द्या.